भामाक्कानं कापलेलं जहाज

भामा बिरादारला आमच्या बागखात्यात सगळे भामाक्का म्हणत. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा, तरी मीही अक्काच म्हणायचो. हैदराबादेत अक्का म्हणायला वय आड येत नाही. मी त्या कचेरीत टंकलेखक होतो, नाव केशव. पण ती मला पहिल्या दिवसापासून ‘केशवराव’ म्हणाली आणि पुढे माझ्या थोबाडीत मारली तेव्हाही केशवरावच म्हणाली.

तिचा नवरा दत्तोबा आमच्याच खात्यात पंप चालवायचा. घराणं बिदरकडचं, शेतीवाडीचं. वडिलांच्या वेळेलाच तारनाक्याला येऊन राहिलेलं. १९८१च्या उन्हाळ्यात एका बागेतल्या कारंज्याचा पंप अडला म्हणून दत्तोबा हौदात उतरला. वायर उघडी पडलीय असं त्यानं महिन्याभरात दोनदा लिहून दिलं होतं. तो गुडघाभर पाण्यात असताना वर कुणीतरी बटण दाबलं. लोक सांगतात, तो ओरडलासुद्धा नाही. पाण्यात ताठ उभा राहिला, थरथरला आणि तोंडावर पडला. मेन स्विच सापडेपर्यंत पाच मिनिटं गेली. तेवढा वेळ हौदाच्या काठावरून सगळे नुसते बघत होते.

भामा आली तेव्हा त्याला काठावर ठेवलं होतं. हाताचे तळवे काळे पडले होते. बायका तिला धरायला धावल्या. तिनं त्यांना झटकलं आणि एकच विचारलं, “बटण कुणी दाबलं?”

ते तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, मुलगी तेजश्री दोन वर्षांची. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायचा नियम होता. साहेब म्हणाले, कचेरीत पाणी द्यायचं, टेबलं पुसायची. ती म्हणाली, “त्यांचं काम द्या. लोखंडाचं.” खात्याच्या कारखान्याचे फोरमन हणमंतराव शेजारीच बसले होते. ते हसले.

“पोरी, पाच किलोचा घण असतो. उचलवेल का?”

“दाखवा तरी.”

तिनं उचलला. डोक्यापर्यंत नेला आणि हणमंतरावांच्या पायाजवळ असा आदळला की फरशीला तडा गेला. हणमंतरावांनी पाय मागे घेतला आणि तिला ठेवून घेतलं.

दहा वर्षांत ती वेल्डिंग शिकली, गॅसनं लोखंड कापायला शिकली, रात्रशाळेत जाऊन सर्टिफिकेट मिळवलं. बागांमधले झोके, घसरगुंड्या, सी-सॉ तपासायचं काम अखेर तिच्याकडे आलं. साखळीची कडी न् कडी हातात घ्यायची, हातोडीनं वाजवायची. संशय आला की रंग खरवडून तिथं घासलेट चोळायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड मारायची. लोखंडाला भेग असेल तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की ती शेजारी पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, तीन ठिपके ठोकायची, एका ओळीत. ते ठिपके दिसले की माळी लोक तो झोका आपणहून बांधून ठेवत.

तिचा राग मात्र वाईट होता. एका बागेत घसरगुंडीचा पत्रा उचकटला होता. चौकीदाराला तीनदा सांगूनही त्यानं ती बंद ठेवली नाही आणि एका लहान मुलीची मांडी फाटली. भामाक्कानं त्या चौकीदाराची मान धरली, त्याला घसरगुंडीपाशी ओढत नेलं आणि त्याचा तळहात त्या पत्र्यावरून खाली ओढला. रक्त ठिबकायला लागलं तशी आपल्याच पदराची चिंधी फाडून तिनं तो बांधला. “आता लक्षात राहील ना?” असं विचारलं. मी समोर होतो.

मग ते दिवस आले. साल ब्याण्णव-त्र्याण्णव. घराघरांवर डिश लागल्या, आबिड्सच्या दुकानांत परदेशी कंपन्यांच्या थंड बाटल्या आल्या, आणि आमच्या कचेरीत ‘खाजगीकरण’ हा नवा शब्द रोज ऐकू यायला लागला. सरकारनं बागा कशाला सांभाळायच्या? कंपन्यांना चालवायला द्या. पहिली दिली ती तारनाक्याच्या पुढची नवबहार बाग. घेणारी कंपनी मुंबईची, नाव ‘रंगझेप’. तिचा मॅनेजर मंदार पुण्याचा, तीस-बत्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, सदा हसतमुख.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यानं बागेत जहाज आणलं. चाळीस माणसं बसतील असा लोखंडी पाळणा, जहाजाच्या आकाराचा. वरच्या आडव्या आसाला चार लांब पोकळ दांड्यांनी टांगलेला. मोटर लावली की पुढं-मागं असा झुलायचा की टोकाला बसलेला माणूस जवळपास उभा व्हायचा. शहरानं असलं काही पाहिलं नव्हतं. पण जहाज नवं नव्हतं. कुठल्या तरी मेळ्यात झिजलेलं, रंग मारून आणलेलं होतं.

भामाक्का तपासायला गेली. टिपणं घ्यायला मी बरोबर होतो. ती शिडीवर दोन तास होती. खाली उतरली तेव्हा तिच्या हाताला घासलेटाचा वास येत होता.

“बिरादार मॅडम, तुम्ही मराठी!” मंदार म्हणाला. “अहो, मग प्रश्नच मिटला की.”

“कसा काय मिटला?”

“आपली माणसं आपल्याला समजून घेतात.”

“वर या. रेघ दाखवते, ती समजून घ्या.”

तो चढला. चारपैकी दोन दांड्यांना जोडाच्या खाली अर्ध्या घेरापर्यंत काळी रेघ उमटली होती.

“हा रंगाला तडा गेलाय हो,” तो म्हणाला.

“रंग मी खरवडलाय. हे लोखंड हाय.”

“मॅडम, शनिवारी उद्घाटन आहे. पत्रिका छापून झाल्यात.”

“मग पत्रिका टांगा आसाला. जहाज नक्को.”

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “हे बघा, मुंबईत हे दोन वर्षं चाललंय. तिथं कुणाला काही दिसलं नाही. तुमच्या घासलेटाला तेवढं दिसलं. वरून सही आणायला मला एक दिवस लागतो.”

“आणा. माझी न्हाई मिळायची.”

आणि तिनं पंच काढून दोन्ही दांड्यांवर तीन-तीन ठिपके ठोकले. संध्याकाळी मी अहवाल टाइप केला: दोन दांडे भेगाळलेले, चालवण्यास मनाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोटरच्या पेटीला सील लावायला एकटीच गेली. पंपघराच्या मागे तिघं जण थांबले होते. त्यांतला एक यादगिरी, कंपनीच्या पहारेकऱ्यांचा मुख्य. पूर्वी पहिलवानी केलेला, मानेवर चरबीची वळी असलेला माणूस. त्यानं तिच्या हातातलं सील घेतलं आणि म्हणाला, “क्या अक्का, समझ में नै आता क्या?” उत्तराची वाट न बघता त्यानं दांडकं तिच्या बरगडीत घातलं.

ती खाली पडली. तिनं त्याचा पाय धरून पोटरीला चावा घेतला. त्यामुळे तो जास्तच पिसाळला. दुसऱ्यानं तोंडावर बूट मारला, तिचे समोरचे दोन दात गेले. यादगिरी मोजून मारावं तसं एकाच जागी मारत होता, डाव्या बरगडीवर. ओरडायला तिच्या छातीत हवाच उरली नव्हती.

ओरडली ती गंगू. ती आमच्या खात्याची झाडूवाली. बागेबरोबर तीही कंपनीकडे गेली होती. पन्नाशीची, वीतभर देहाची बाई. लांब दांड्याचा खराटा घेऊन ती यादगिरीच्या पाठीवर तुटून पडली. खराट्यानं तोंड ओरबाडलं, डोळ्यांत काड्या घातल्या आणि अख्खी बाग गोळा होईल अशा शिव्या दिल्या. लोक धावत येताना दिसले तसे तिघं भिंतीवरून पळाले.

तीन बरगड्या मोडल्या होत्या. पोलिसानं दवाखान्यात येऊन लिहून घेतलं, ‘शिडीवरून पडल्या असाव्यात’. भामाक्कानं त्याच्या कागदावर रक्त थुंकलं.

आता माझं सांगतो. ती खाटेवर असताना डेप्युटी साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं. “केशवराव, घ्या टाइप करायला. पुन्हा तपासणी केली, दोष आढळला नाही. तपासनीस रजेवर असल्यामुळे सही मी करतो.”

“साहेब, पुन्हा तपासणी कधी झाली?”

“तुमच्या दोन मुली आहेत ना? बदली आदिलाबादला झाली तर शाळेचं काय कराल?”

मी टाइप केलं. चार ओळी होत्या. शनिवारी बँड वाजला आणि जहाज सुरू झालं.

पाच आठवड्यांनी भामाक्का कामावर आली तेव्हा तिची बदली भांडारात झालेली होती. फावडी आणि पाण्याच्या नळ्या मोजायच्या. झोक्यांचं काम तिच्याकडून काढलं होतं. जहाज मात्र रोज झुलत होतं आणि काही होत नव्हतं. कचेरीत लोक हसायला लागले. “अक्का, तुमची रेघ खडूचीच होती वाटतं.” दर रविवारी ती तिकीट काढून नवबहार बागेत जायची, जहाजाच्या कुंपणाला लागून उभी राहायची आणि रांगेतल्या लोकांना सांगायची, “बसू नका. दांडा फुटलेला हाय. पोरांना घेऊन जावा.” काही लोक निघून जात. बहुतेक तिला वेडी समजत. यादगिरी येऊन तिला दंडाला धरून फाटकाबाहेर ढकलायचा. पंधरा वर्षांची तेजश्री एकदा रडत म्हणाली, “आई, कॉलनीतल्या पोरी बघत होत्या गं.” भामाक्का म्हणाली, “बघू दे. त्या बसल्या तर न्हाईत ना?”

मे महिन्याचा तिसरा रविवार. सुटीची तुडुंब गर्दी. यादगिरीनं तिला फाटकाबाहेर ढकललं तेव्हा पाच वाजले होते. ती साडी झटकत उभी होती आणि तिला आवाज आला. पुढे कोर्टात तिनं तो सांगितला: जाड फांदी मोडावी तसा नाही, बंदूक उडावी तसा.

जहाज अगदी वर गेलेलं असताना पुढचा एक दांडा ठिपक्यांपाशी तुटला. जहाज एका अंगावर कललं आणि वरच्या टोकाची माणसं खाली सांडली. पण जहाज थांबलं नाही. इतक्या वजनाचं लोखंड एकदम थांबत नाही. जी माणसं खाली पडली होती त्यांच्यावरूनच ते परत आलं. तुटक्या दांड्याचं टोक कुंपण फोडून गेलं. कुंपणाच्या आत गंगू कागदी पेले गोळा करत होती.

भामाक्का भिंतीवरून उडी मारून आत गेली. जहाज अजून थोडं थोडं हलत होतं. ती पळत मोटरपाशी गेली आणि तिनं मेन स्विच ओढला. मग गंगूला शोधलं. छातीपासून खाली बघवत नव्हतं. गंगू जिवंत होती, डोळे उघडे होते. भामाक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. गंगू काहीतरी पुटपुटली, तेलुगूत, आणि तेवढ्यात संपली. काय म्हणाली ते भामाक्काला नीट ऐकू आलं नाही, कारण तोवर लोक जहाज चालवणाऱ्या माणसाला मारत होते. त्याला केबिनमधून ओढून काढलं होतं आणि जहाजातल्या बाकांच्या तुटलेल्या फळ्यांनीच मारत होते. भामाक्का त्यांच्यात घुसली. “ह्यानं काय केलं? ह्याला पगार किती? मॅनेजरला धरा!” असं ओरडत ती त्याच्या अंगावर आडवी पडली. तिच्याही पाठीवर फळ्या बसल्या. तो माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. मंदार मागच्या फाटकानं गाडीतून निघून गेला होता. मग जमावानं तिकिटाची खोली पेटवली.

चार मेले. गंगू, एक नवरा-बायको आणि कॉलेजातली एक मुलगी. सत्तावीस जखमी.

चौकशी झाली. ठपका आला ज्याचा डोळा गेला त्याच्यावर: जास्त माणसं बसवली, वेग वाढवला. कंपनीनं लिहून दिलं, अपघातानंतर चारही दांडे बदलून नवे बसवले आहेत, मुंबईची बिलं सोबत जोडली आहेत. भामाक्का पोलीस ठाण्यात गेली, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. सगळीकडे एकच उत्तर: “बाई, पुरावा आणा.” तिचा पहिला अहवाल फायलीतून नाहीसा झाला होता.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, तेच जहाज शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीच्या नव्या बागेत उभं राहिलं. रंग निळा, नाव वेगळं. परवानगीचा कागद टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. मी तो खिशात घातला आणि भांडारात गेलो.

“अक्का, परत आलंय.”

“टाइप केलं?”

“नाही.”

“मागल्या वेळी केलं होतं.”

मी नळ्यांच्या ढिगाकडे बघू लागलो. ती म्हणाली, “तुमच्या टाइपाच्या मशीनचा ‘ई’ ओळीच्या वर उडतो, केशवराव. मी दवाखान्यातून आले त्याच दिवशी फाईल बघितली. वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता.” आणि तिनं माझ्या कानाखाली अशी लगावली की मी नळ्यांच्या ढिगावर जाऊन पडलो. कानात शिट्टी वाजायला लागली. तिनंच हात देऊन उठवलं.

“आता गेट-पास लिहा. गॅसच्या दोन टाक्या, एक कटर. जहाजाच्या दुरुस्तीसाठी म्हणून.”

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही मालवाहू रिक्षातून टाक्या, कटर आणि तिचा घण घेऊन तिथं पोहोचलो. पहारेकऱ्याला मी सरकारी शिक्का असलेला पास दाखवला. मोटरवर झेंडूच्या माळा चढवलेल्या होत्या. भामाक्का शिडी लावून वर गेली आणि एकेका दांड्यावरून अंगठा फिरवत राहिली. तिसऱ्या दांड्यावर थांबली.

“केशवराव, वर या. हात लावून बघा.”

निळ्या रंगाखाली अंगठ्याला तीन खड्डे लागले, एका ओळीत. फेब्रुवारीत तिनं ठोकलेले. एकच दांडा नवा होता, जो तुटला त्याच्या जागचा. बाकी सगळे तेच.

तिनं काळा चष्मा लावला आणि कटर पेटवला. ठिपक्यांच्या वीतभर वर एक काप, वीतभर खाली दुसरा. जहाज आसाशी साखळीनं बांधून ठेवायला तिनं आधी मला लावलं होतं, ते कललं पण पडलं नाही. ठिणग्या माझ्या मानेवर पडत होत्या. दांड्याचा तुकडा लाल होऊन सुटला आणि खाली वाळूत पडला. ती उतरली, चिमट्यानं तो पाण्याच्या बादलीत घातला. वाफ निवल्यावर तिनं तो डोळ्याला लावला आणि मग माझ्यापुढे धरला. नळीच्या आतून बघितलं तर अर्ध्याहून जास्त घेराला भेग आरपार होती, गंजानं काळी. बाहेरून वर बोटभर रुंदीचं नवंकोरं वेल्डिंग आणि त्यावर निळा रंग.

“हा घ्या त्यांचा पुरावा,” ती म्हणाली.

तेवढ्यात यादगिरी आला. बरोबर पाच-सहा जण. त्याला काय झालंय ते एका नजरेत कळलं. “वो टुकडा दे,” तो म्हणाला. बागेच्या मागे तळं होतं; तो तुकडा तळ्यात गेला असता तर आम्ही फक्त जहाज मोडणारे गुन्हेगार उरलो असतो. भामाक्कानं तुकडा माझ्याकडे फेकला. “पळा!”

मी पळालो. दोघं माझ्यामागे आले, एकाची सळई माझ्या पाठीत बसली, पण तुकडा मी पोटाशी धरला होता. रिक्षावाल्यानं गाडी सुरूच ठेवलेली होती. गाडीत चढताना मी मागे वळून बघितलं, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

यादगिरीनं तिला त्याच बरगडीवर मारलं. ती वाकली, आणि वाकतानाच तिच्या हाताला घण लागला. तो तिनं बाजूनं फिरवला. यादगिरीच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापर्यंत आला. तो आडवा झाला, दोन्ही हात वर करून काहीतरी म्हणत होता. बाकीचे मागे सरले होते. आता तिला कुणी मारत नव्हतं. भामाक्कानं घण डोक्यापर्यंत नेला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर घातला.

मग घण टाकून ती खाली बसली. पोलीस येईपर्यंत तिथंच बसून होती. यादगिरी शेजारी किंचाळत होता.

दोन खटले चालले. कंपनीच्या खटल्यात तो तुकडा टेबलावर ठेवला होता आणि मी साक्षीदार होतो. मी खोटा दाखला टाइप केल्याचं कबूल केलं, कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगितलं. डेप्युटी साहेबांनी नाकारलं. पण बिलं खोटी निघाली, तुकडा तर खोटा नव्हता. चार वर्षांनी मंदारला दोन वर्षांची सजा झाली. निकाल ऐकताना तो रडत होता. मालक लोक कागदोपत्री कुठंच नव्हते. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेले. माझी पगारवाढ थांबली, आदिलाबादही बघून झालं.

दुसरा खटला भामाक्कावरचा. तिच्या वकिलानं सोपा रस्ता सांगितला होता: झटापटीत लागलं म्हणायचं, जीव वाचवायला मारलं म्हणायचं, सुटका नक्की. यादगिरी कुबड्या घेऊन साक्षीला आला. “मी पडलो होतो. हात जोडले होते. तरी मारलं,” एवढंच तो म्हणाला.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, हे खरं आहे का?

“खरं हाय,” ती म्हणाली. वकिलानं कपाळावर हात मारला. “पहिला घाव मला सोडवायला. दुसरा रागानं.”

“राग कशाचा?”

“गंगूचा. नवऱ्याचाबी असंल. पण गुडघा ह्याचा होता.”

तीन महिन्यांची कैद झाली. सजा झाली म्हणून नोकरीही गेली. चंचलगुड्याच्या तुरुंगात मी आणि तेजश्री भेटायला जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी म्हणालो, “अक्का, खोटं बोलली असतीस तर घरी असतीस.” ती म्हणाली, “मी रोज झोपताना तो आवाज ऐकते, केशवराव. जहाजाचा न्हाई. गुडघ्याचा.” तेजश्री जाळीला बोटं लावून उभी होती. पुढे तिनं मेकॅनिकलला प्रवेश घेतला; आईनं सांगितलं म्हणून नव्हे, उलट आईनं विरोधच केला होता.

बाहेर आल्यावर भामाक्कानं तारनाक्याला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. शाळांचे झोके दुरुस्त करायचे. हळूहळू जत्रांचे पाळणेवाले येऊ लागले. हे लोक सरकारी दाखल्याला भीक घालत नाहीत, पण आपली बायकापोरं त्याच पाळण्याखाली झोपतात म्हणून ते तिला बोलवत. दुसरीकडे आमच्या खात्यानं नवा तपासणीचा नमुना छापला. त्यात घासलेट आणि खडूची चाचणी सक्तीची होती, दोन सह्या लागत होत्या. तिचं नाव कुठं नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात आबिड्सच्या पोस्टात ती रांगेत उभी होती, मी पाकिटाला तिकिटं लावत होतो. मागून कुबड्यांचा आवाज आला. यादगिरी. फार वाळला होता, मान सुरकुतली होती. त्यानं तिला ओळखलं. मग एक कुबडी काढून तिच्या खांद्यावर हाणली. ती रांगेच्या दांडीवर आपटली. लोकांनी त्याला धरलं, एकानं त्याच्या तोंडात मारली. तो तोल जाऊन फरशीवर पडला.

“सोडा त्याला!” भामाक्का ओरडली. “कुणी हात लावू नका.”

तिनं त्याची कुबडी उचलून त्याच्याजवळ सरकवली. तो तिच्या अंगावर थुंकला. ती पुसत उभी राहिली. तो उठून, भिंतीला धरून, बाहेर गेला. पोस्टातला माणूस म्हणाला, “पोलिसांना बोलवू का, अम्मा?” ती म्हणाली, “नक्को.” आणि रांगेत आपल्या जागेवर परत उभी राहिली.

खांदा सुजला होता. मी दवाखान्यात चल म्हणून मागे लागलो, ती आली नाही. “त्याची माफी मागायची होती,” बसमध्ये ती म्हणाली, “तोंडातून निघाली न्हाई.” दुसऱ्या दिवशी पहाटे ती घासलेटाची बाटली आणि खडू घेऊन बिदरकडच्या एका जत्रेला निघून गेली. तिथं दोन पाळणे उभे राहायचे होते आणि तिनं येते म्हणून शब्द दिला होता.